रात्री बाळाला किती कपडे घालायचे? ठाणे-नवी मुंबईच्या हवेसाठी

बाळाचे कपडे महिना बघून ठरवू नका, खोली बघून ठरवा. आपल्याकडे थंडी जेमतेम डिसेंबरअखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, आणि तीही सगळीकडे सारखी नसते. नौपाड्यातल्या दाटीवाटीच्या इमारतीत रात्री पंखा लागतो, त्याच रात्री येऊरच्या पायथ्याशी किंवा खारघरला डोंगराकडच्या बाजूला पहाटे खिडकी लावून घ्यावी लागते. म्हणून खोलीचं तापमान दाखवणारा स्वस्तातला एक डिजिटल तापमापक आणा आणि बाळाच्या गादीच्या उंचीवर ठेवा. एसीच्या झोतात किंवा टीव्हीवर ठेवलात तर आकडा चुकीचाच दिसेल.

निरोगी, पुऱ्या दिवसांच्या बाळासाठी साधारण अंदाज असा. खोली २६ ते २८ अंश असेल तर लंगोट किंवा डायपर आणि वर एक पातळ सुती झबलं, बस. २३ ते २५ ला पूर्ण बाह्यांचं झबलं, पायजमा आणि वरून मलमलीची पातळ स्लीपिंग बॅग, म्हणजे बाळाच्या अंगात घालायची झोपेची पिशवी. २० ते २२ ला आत एक बनियन वाढवा, मोजे घाला आणि बॅग थोडी जाड घ्या. पाकिटावर ‘टॉग’चा, म्हणजे बॅग किती ऊब धरते त्याचा आकडा असतो, तो १ चालेल. २० च्या खाली आपल्याकडे मोजक्याच रात्री जातात, तेव्हा आणखी एक सुती थर पुरतो. दुपटं दुहेरी घडी करून गुंडाळलं तर ते दोन थर झाले, हे हिशेबात धरा. हे बहुतेक घरांत राहून जातं.

आता खरी परीक्षा हाताने करायची. दोन बोटं मानेच्या मागे, झबल्याच्या आत सरकवा, मग छातीवर ठेवा. कातडी कोमट आणि कोरडी लागली की ठीक. मान ओलसर, केस चिकटलेले, गाल लाल असतील तर लगेच एक थर काढा. छाती किंवा पाठ गार लागली तर एक थर वाढवा. हातापायांवरून काही ठरवू नका. लहान बाळाचे तळवे गारच असतात, कारण तिथे रक्ताभिसरण अजून मंद असतं. ‘हात बघ किती गार पडलेत’ म्हणून आजी आणखी एक गोधडी आणतात तेव्हा प्रेमाने त्यांचाच हात बाळाच्या छातीवर ठेवा, वाद तिथेच मिटतो. ही तपासणी झोप लागल्यावर अर्ध्या तासाने एकदा आणि पहाटे चारच्या सुमारास एकदा करा, कारण खोली पहाटेच सर्वांत गार होते.

आपल्या दमट हवेत जास्त कपड्यांचा धोका दुहेरी आहे. घाम सुकत नाही, झबलं भिजतं आणि पहाटे तेच ओलं कापड अंगावर गार पडतं; मग घरचे म्हणतात थंडी लागली, आणि आणखी कपडे चढतात. शिवाय झोपेत बाळ जास्त तापणं हे अचानक बालमृत्यूचं एक ज्ञात जोखमीचं कारण आहे. बाळ डोक्यावाटे बरीच उष्णता बाहेर टाकतं, म्हणून घरात झोपवताना कुंची-टोपरं काढा. कुंचीची नाडी गळ्याशी राहू देणं तर मुळीच नको. वजन कमी असलेल्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं गणित वेगळं. त्याला टोपी, मोजे आणि आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरणं, हे डॉक्टर सांगतील तसंच चालू ठेवा.

गादी घट्ट आणि सपाट, बाळ उताणं, आणि वर सुटं काही नाही. रजई, गोधडी, राईची उशी, तक्क्या हे सगळं एक वर्षापर्यंत झोपेच्या जागेबाहेर. बाळ हात हलवून पांघरूण तोंडावर ओढतं, पण ते बाजूला करणं त्याला जमत नाही. म्हणून पांघरूण घालण्यापेक्षा अंगावर कपडे किंवा बॅग बरी. बॅगचा गळा बाळाच्या डोक्यातून निघेल इतका मोठा नको. दुपट्यात गुंडाळत असाल तर कापड खांद्याखाली, छातीशी दोन बोटं जातील इतकी सैल, आणि पाय गुडघ्यात दुमडता आले पाहिजेत. पाय सरळ ओढून आवळले तर खुब्याच्या सांध्याला इजा होते. बाळ कुशीवर वळायचा प्रयत्न करू लागलं की गुंडाळणं त्याच दिवशी बंद.

एसी लावायचा असेल तर २५-२६ वर, झोत छताकडे. टायमर मात्र विचार करून लावा. तीनला एसी बंद होतो, खिडक्या बंदच असतात, खोली तापत जाते आणि बाळ बॅगेतच असतं. रात्रभर एकाच तापमानावर ठेवणं जास्त सोयीचं.

बंद खोलीत शेगडी किंवा धुरी कधीही नको. कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि धुराने नाजूक फुप्फुसं बिघडतात. गरम पाण्याची पिशवी गादीत ठेवली तर चटका बसतो, तीही टाळा. ओला डायपर मात्र वेळेवर बदला, कारण ओलाव्यामुळे अंग झपाट्याने गार पडतं.

शंका आली तर काखेत थर्मामीटर लावा. ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस हे नॉर्मल. त्याखाली असेल तर बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरा, वरून दोघांना पांघरा, दूध पाजा आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. या वेळी आईने जागं राहायचं आहे. तरीही वाढलं नाही, बाळ मलूल वाटलं, दूध ओढत नसेल, किंवा तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ किंवा त्याहून जास्त ताप असेल, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच दवाखाना गाठा.