स्पेसबारने केलेला घात

मराठीतल्या 'ने' प्रत्ययावरचा माझा लेख परीक्षकांकडे जाण्याआधीच संपादकीय कार्यालयातून परत आला. कारण एकच: उदाहरणांच्या ओळी जुळत नाहीत.

'रामने आंबा खाल्ला', पण 'तू आंबा खाल्लास', तिथे 'ने' नाही आणि क्रियापदाला जास्तीचा 'स'. लेखाचा सगळा जीव या फरकात. मी प्रत्येक शब्दाखाली त्याचा अर्थ येण्यासाठी स्पेसबार बडवला होता (हो, पीएचडीनंतरही). माझ्या लॅपटॉपवर सुरेख दिसायचं. त्यांच्याकडे फॉन्ट बदलला आणि 'आंबा'खालचा अर्थ 'तू'खाली गेला. मग टॅब वापरून पाहिला, तोही लांब शब्दाला फसला. शेवटी टेबल केलं: एका चौकटीत एक शब्द, रेषा अदृश्य. तेव्हापासून हललं नाही.

खरा घोळ मात्र त्यानंतर दिसला. लाइपझिग ग्लॉसिंग नियमांनुसार (उदाहरणातल्या शब्दांच्या तुकड्यांखाली त्यांचे अर्थ कसे लिहायचे, याचे भाषाशास्त्रातले रूढ नियम) वरच्या ओळीत जितके हायफन, तितकेच खाली. मी वर 'खाल्लास' अखंड ठेवून खाली तीन हायफन दिले होते. आता वर 'खा-ल्ल्-आ-स' असं तोडलं; जिथे तोडायचं नव्हतं, तिथे खाली हायफनऐवजी टिंब. सत्तेचाळीस उदाहरणं, दोन रविवार.

परीक्षकांपासून लेखकाचं नाव लपवायचं असतं, ते पहिल्या पानावरून काढलंच होतं. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये मात्र ठळक बसलेलं होतं. शिवाय 'माझ्या आधीच्या लेखात दाखवल्याप्रमाणे' हे वाक्यही! दोन्ही काढलं, पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड केले (म्हणजे फाइलमध्येच बसवले) आणि पाठवण्याआधी मैत्रिणीच्या जुन्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिलं. जोडाक्षरं शाबूत होती. या वेळी लेख परीक्षकांपर्यंत पोहोचला.