तळाच्या गाळातलं फॉस्फेट मोजायला निघण्यापूर्वी

पवईसारख्या तलावात सांडपाणी अडवलं तरी पाणी बरीच वर्षं हिरवं राहू शकतं, कारण गाळात साठलेलं फॉस्फेट वर सुटत राहतं. त्यातलं बरंचसं फेरिक लोहाला चिकटलेलं असतं; तळाशी ऑक्सिजन संपला की लोह फेरस होऊन विरघळतं आणि फॉस्फेट मोकळं होतं. म्हणून गाळाला हवा लागू न देणं हीच खरी तयारी.

दिवस पावसाळ्याआधीचा धरा आणि पहाटे निघा. तेव्हा तळाशी ऑक्सिजन सर्वांत कमी सापडतो. परवानगी आधीच काढून ठेवा. पवईत मगरी आहेत, तेव्हा होडीबाहेर हात घालून नळी धुण्याची हौस नको. बाटल्या 10 टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर बुडवून डिस्टिल्ड वॉटरने धुवा. कपड्यांची पावडर त्यांच्या जवळही आणू नका, तिच्यात फॉस्फेट असू शकतं.

नळ्या पारदर्शक ॲक्रिलिकच्या, आतला व्यास 7 सेंटिमीटर, लांबी 60, दोन्ही टोकांना रबरी बुचं. सहा लागतील, दोन जास्तीच्या घ्या. प्रत्येकीत साधारण 25 सेंटिमीटर गाळ आणि तितकंच तळचं पाणी हवं. वरचं पाणी गढूळ झालं किंवा गाळाचा माथा तिरका दिसला तर नमुना फेकून द्या. नळ्या उभ्याच न्यायच्या, काळ्या कापडात गुंडाळून.

गाळातलं पाणी वेगळं काढायला नायट्रोजन भरलेली, आत हात घालायला हातमोजे जोडलेली बंद पिशवी लागते. हवेत काढलंत तर काही मिनिटांत फेरस लोहाचा तांबूस साका बसतो, तो फॉस्फेट ओढून घेतो आणि आकडा खोटाच कमी येतो. 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळणंही पिशवीतच, आणि गाळल्या गाळल्या आम्ल घाला.

प्रयोगशाळेत तुलनेसाठी तीन नळ्यांतल्या पाण्यात हवा, तीनमध्ये नायट्रोजन सोडा. अंधार आणि तळाचं तापमान राखा. निव्वळ नायट्रोजन कार्बन डायऑक्साइड उडवून लावतो, सामू चढतो आणि लोहावरचं फॉस्फेट त्यामुळेही सुटतं, म्हणून किंचित कार्बन डायऑक्साइड मिसळलेला सिलिंडर मागवा. फॉस्फेट मोजायला मॉलिब्डेनमचं द्रावण घालून येणारा निळा रंग 880 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला मोजा.

हिशेब सोपा आहे: 25 सेंटिमीटर पाण्यात दिवसाला फॉस्फेटची 40 मायक्रोग्रॅम प्रतिलिटर वाढ म्हणजे चौरस मीटरला रोज 10 मिलिग्रॅम. मोजणीसाठी नळीतून पाण्याचा नमुना काढून तेवढंच तळ्याचं पाणी परत घालता, त्यातून आलेलं आणि नमुन्याबरोबर गेलेलं फॉस्फेट मात्र हिशेबात धरायचं.