‘सेटल्ड’ या शब्दाने केलेला घोटाळा

क्रेडिट कार्डाची थकबाकी वाढली तेव्हा बँकेशी तडजोड करून मोकळा झालो. काही रक्कम माफ झाली, मीही खूश. पुढे कर्जाचा अर्ज फेटाळला गेला तेव्हा क्रेडिट रिपोर्ट (आपल्या कर्जांचा आणि परतफेडीचा लेखाजोखा) पहिल्यांदा नीट वाचला. त्या खात्यापुढे ‘क्लोज्ड’ नव्हे, ‘सेटल्ड’ लिहिलं होतं. म्हणजे पूर्ण पैसे आले नाहीत, हे प्रत्येक नव्या सावकाराला दिसणार!

मग उरलेली रक्कम भरायची तयारी दाखवली. पण आधी लेखी घेतलं की, पैसे मिळाल्यावर नोंद बदलली जाईल. (फोनवरच्या आश्वासनांचा अनुभव होताच.) ना-देय प्रमाणपत्र हातात आल्यावरही नोंद जुनीच, म्हणून ते जोडून तक्रार केली. तेव्हा कुठे ती बदलली. उशिरा भरलेल्या हप्त्यांचे डाग मात्र राहिले. खरी नोंद कुणी पुसून देत नाही, ‘पुसून देतो’ म्हणणाऱ्या एजंटांपासून लांबच राहिलो.

नवा इतिहास हवा म्हणून ठेवीच्या तारणावर छोटं कार्ड घेतलं. वापर मर्यादेच्या 30 टक्क्यांच्या आत. तरी क्रेडिट स्कोअर (या इतिहासावरून मिळणारे गुण) हलेना. नंतर कळलं, रिपोर्ट बनवणाऱ्या संस्थेला तेव्हा बहुधा स्टेटमेंटच्या दिवशीची बाकी कळवली जायची. म्हणून त्याच्या आधीच बरेचसे पैसे भरू लागलो, उरलेले ऑटो-डेबिटने. नवे अर्ज पूर्ण बंद, कारण अर्जामागे सावकाराने केलेल्या प्रत्येक चौकशीची नोंद होते. स्वतःचा रिपोर्ट पाहिल्याने मात्र स्कोअर घटत नाही. मी उगाच घाबरून वर्षानुवर्षं पाहिला नव्हता.