अंगणातलं बाकडं करायला घेताय? आधी पायांचे तळ!

पायांचे तळ. हे पहिल्याच ओळीत, कारण मागच्या खेपेला माझं तेवढंच राहिलं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर सागवानी बाकड्याचा मागचा पाय बोटानं दाबून पाहिला, तर बोट आत. वरून मात्र तेल पिऊन चकचकीत!

लाकूड सागाचं घ्या, नाही परवडलं तर फणसाचं. आंबा उघड्यावर नको, ते पेट्यांचं लाकूड. सागातही गाभ्याचंच बघून घ्या. कडेच्या पांढऱ्या भागात टिकण्यासारखं काही नसतं. वखारवाला म्हणेल, पॉलिशखाली कळत नाही. वाळवीला कळतं.

काम दिवाळीनंतर काढा, मेच्या मध्याला संपवा. करवत, रंधा, पॉलिश पेपर असेलच. बसायच्या फळ्या चिकटवून लावू नका, मध्ये पाव इंच फट हवी. कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पडतो, त्या पाण्यानं जायचं कुठून? स्क्रू स्टेनलेसचेच, समुद्र जवळ असेल तर ३१६ ग्रेडचे. लोखंडी खिळ्याभोवती सागावर काळा डाग उतरतो, तो किती घासलं तरी जात नाही.

आता परत तळ. लाकूड अंगानं जेवढं पाणी घेतं त्याच्या कितीतरी पट टोकाकडून घेतं. बारीक नळ्यांची जुडी पाण्यात उभी केल्यासारखंच ते. म्हणून जोडणीच्या आधी, चारही पाय सुटे असताना, उलटे उभे करून तळावर पातळ इपॉक्सी जिरवा, म्हणजे दोन भाग मिसळले की कडक होणारी राळ. पहिला हात लाकूड पिऊन टाकतं. दुसरा द्या, तिसरा द्या. ‘उभं करू, मग आडवं पाडून लावू’ असं म्हणू नका. मी तेच म्हटलं होतं, आणि तेवढ्यात जेवायची हाक आली. इपॉक्सी लावलंत तरी पाय मातीत नकोत, जांभ्याच्या चिऱ्यावरही नकोत. जांभा पाणी धरून बसतो. खाली कडप्प्याचे तुकडे घाला.

वॉर्निशच्या नादी लागू नका, उन्हानं पापुद्रे सुटले की सगळं खरवडत बसाल. डबल बॉइल्ड अळशीचं तेल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून लावा, पंधरा मिनिटांनी उरलेलं पुसून काढा. पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात फेकू नका. आपोआप पेटतो, खरंच पेटतो. दोरीवर एकेक पसरून वाळवा. होड्यांना लावतात ते काजूच्या टरफलाचं तेल बसायच्या जागी नको, कातडी भाजते.

जूनच्या आधी बाकडं पडवीत ओढा. जागा नसेल तर वर ताडपत्री, पण गुंडाळून बांधू नका, आत घाम धरतो. दिवाळीच्या साफसफाईत धुणं, वाळवणं, घासणं, तेलाचा एक हात. आणि तेव्हाच दोघांनी मिळून आडवं पाडा, तळ बघा. चीर दिसली तर इपॉक्सी लगेच, जेवायच्या आधी.