गेममधली भीती पडद्यावर विरते कुठे? पटकथेतल्या या चुका टाळा

सर्व्हायव्हल हॉरर, म्हणजे तुटपुंज्या साधनांनिशी जीव वाचवायच्या भयगेमवर सिनेमा लिहायला बसलं की आधी राक्षसांची यादी निघते. तिथेच घोडं पेंड खातं. १९९६चा पहिला 'रेसिडेंट ईव्हिल' गेम आठवा. त्याचा नायक क्रिसकडे मोजून ६ वस्तू मावायच्या. पिस्तूल, गोळ्या, हिरवी औषधी आणि एखादी किल्ली घेतली की संपलं. गेम सेव्ह करायला टाइपरायटर लागायचा, शिवाय शाईची रिबन. रिबनी संपत आल्या की तासाभराची मेहनत पणाला लावून पुढचं दार उघडायचं. झोंबी तसा संथच. घाम फुटायचा तो पिस्तुलात दोनच गोळ्या उरल्यामुळे.

राक्षस घेतला, टंचाई सोडली

याच गेमवरच्या, २००२च्या पॉल डब्ल्यू. एस. अँडरसनच्या सिनेमात झोंबी आले, कुत्रे आले, गेममधली खलनायक अम्ब्रेला कंपनीही आली. गेममध्ये हेच कुत्रे खिडकीची काच फोडून आत यायचे तेव्हा हातातला कंट्रोलर निसटायचा. इथे मिला योवोविचची ॲलिस भिंतीवर पाय देऊन झेपावते आणि कुत्र्याला हवेतच लाथ हाणते. मग भ्यायचं कुणी? ॲलिस मुळात गेममध्ये नाहीच, ही चाहत्यांची तक्रार मला गौण वाटते. तिच्या जागी गेममधल्या जिल या नायिकेने अशी लाथ मारली असती, तरी भीती तेवढीच मेली असती. त्याच सिनेमातला लेझरचा बोळ मात्र अंगावर येतो, कारण तिथे पळायला जागाच नाही. पुढे २००५च्या 'रेसिडेंट ईव्हिल ४' या गेमनेही तसाच बोळ घेतला! या मालिकेतल्या सहा सिनेमांनी मिळून १२० कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला, त्यामुळे लाथेला कुणी चूक म्हणालं नाही.

तुमच्या पटकथेत हे तपासायचं असेल तर प्रत्येक प्रसंगाच्या समासात लिहा: पात्राकडे आता काय उरलंय? गोळ्या, उजेड, सोबत, काहीही. दहा पानांत त्यातलं काहीच कमी झालं नसेल, तर नवा राक्षस आणू नका. आहे त्यातली बॅटरी काढून घ्या.

राक्षस कुणाचा, हे न विचारणं

२००१च्या 'सायलेंट हिल २' या गेममध्ये जेम्स सुंडरलंडला मेलेल्या बायकोचं पत्र येतं आणि तो सायलेंट हिल या गावात पोहोचतो. तिथला पिरॅमिड हेड हा राक्षस म्हणजे जेम्सच्याच अपराधी मनाने स्वतःसाठी मागवलेली शिक्षा. क्रिस्तोफ गान्सच्या २००६च्या 'सायलेंट हिल' सिनेमात जेम्स नाही, पिरॅमिड हेड मात्र आहे. दिसायला भयंकर, म्हणून घेतला. २०१२च्या 'रेव्हलेशन' या पुढच्या भागात तर तो नायिकेच्या बाजूने लढतो. ज्याच्या अपराधातून राक्षस जन्मला तो माणूस घ्यायचा नसेल, तर राक्षसही सोडा आणि तुमच्या पात्राच्या मनातून नवा काढा.

गान्सवर सरसकट टीका करणं मात्र अन्याय होईल. राखेचा पाऊस, धुकं, गेमचंच अकिरा यामाओकांचं संगीत, हे सगळं अस्सल आहे. १९९९च्या पहिल्या 'सायलेंट हिल' गेममध्ये प्लेस्टेशनला लांबचं दृश्य रेखाटणं झेपत नव्हतं, म्हणून धुकं घातलं आणि तेच त्या गावाची ओळख बनलं. सिनेमा मात्र दर थोड्या वेळाने धुक्याबाहेर पडतो. शॉन बीनने साकारलेला नायिकेचा नवरा बाहेर चौकशी करत फिरतो आणि आपणही त्याच्याबरोबर मोकळा श्वास घेतो. शेवटी एक लांबलचक फ्लॅशबॅक सगळं उलगडून सांगतो. असा सुटकेचा धागा तुमच्याकडे असेल, तर तो काढून पटकथा पुन्हा वाचा. बहुधा काही बिघडत नाही.

दोन गेम एका रात्रीत

'रेसिडेंट ईव्हिल'वरच्याच 'वेलकम टू रॅकून सिटी' या सिनेमाने (२०२१) पहिल्या गेमचा वाडा आणि दुसऱ्याचं पोलीस ठाणं एकाच सिनेमात कोंबलं. एक ना धड भाराभर चिंध्या. गेममध्ये त्याच बोळातून दहादा जावं लागतं, म्हणून अकराव्यांदा तिथे काही हललं की काळीज धडधडतं. प्रेक्षकाला एक जागा तरी पाठ होऊ द्या.

(दिग्दर्शक उवे बोलच्या, त्याच नावाच्या गेमवरच्या 'हाऊस ऑफ द डेड' सिनेमात, २००३ साली, मध्येच चक्क गेममधली दृश्यं चिकटवली होती. याला उपाय नाही.)

एक गोष्ट मात्र गेममधून जशीच्या तशी उचला. पहिल्या 'रेसिडेंट ईव्हिल'मध्ये खोली बदलताना पडदा काळा व्हायचा आणि एक दार सावकाश उघडायचं. पुढची खोली लोड व्हायला वेळ लागायचा, एवढंच त्यामागचं कारण. आपण मात्र ते सेकंद जीव मुठीत धरून काढायचो. ते सेकंद पटकथेत लिहा आणि संकलक कात्री घेऊन आला, की भांडा.