पिंप नुसतं अर्धवट ठेवलं म्हणून व्हँ जोन वाइन होत नाही! या चुका टाळा

फ्रान्सच्या पूर्वेला, स्वित्झर्लंडला लागून ज्युरा हा चिमुकला वाइनचा मुलूख आहे. तिथे आर्बुआजवळच्या एका तळघरात मी काही हंगाम राबलो. दर वर्षी नॅचरल वाइन शिकायला नवी पोरं यायची आणि विचारायची, "टिकवायला गंधक नाही, आंबवायला बाहेरचं यीस्ट नाही, मग आपण करायचं काय?" बाबांनो, राखण करायची.

माझा सगळ्यात जुना राग पिंपं न भरण्यावर. साव्हान्यां द्राक्षाची व्हँ जोन, म्हणजे पिवळी वाइन, सहा वर्षांहून जास्त काळ पिंपात मुरते. उडून गेलेली वाइन मुद्दाम भरत नाहीत. वर यीस्टची साय धरते आणि तीच वाइनला हवेपासून जपते. शेवटी लिटरमागे उरते ती ६२ सेंटिलिटरच्या बाटलीपुरती. हे अर्धवट ऐकून आलेल्या एका पठ्ठ्याने हिवाळाभर शार्दने द्राक्षाच्या वाइनची तीन पिंपं भरलीच नाहीत. वर पांढुरकं दिसलं तेव्हा नाचला, "साय धरली!" एप्रिलमध्ये बूच काढलं तर नेलपॉलिश रिमूव्हरचा भपकारा. साय ॲसेटिक, म्हणजे व्हिनेगर करणाऱ्या, जिवाणूंचीही धरते. साडेसहाशे लिटरच्या वर माल गेला. आणि हे कुठे, तर ज्या आर्बुआत लुई पाश्चर वाढला आणि १८६०च्या दशकात वाइन का बिघडते याचा शोध घेत बसला, त्याच्या उंबऱ्याशी! व्हँ जोनची पिंपंसुद्धा कोणी देवाच्या भरवशावर सोडत नाही. त्यांची आम्लता प्रयोगशाळेत तपासून घेतात. मी हिवाळ्यात पंधरवड्याला, उन्हाळ्यात दर आठवड्याला पिंपं काठोकाठ भरतो. त्यासाठी तीच वाइन काचेच्या बरण्यांत राखून ठेवतो.

पिंप क्लोरिनने धुऊ नका. त्याने लाकडाला बुरशीचा वास लागतो, आणि लागला की तो जात नाही.

सडका घड वेलीवरच ओळखा. टोपलीत पडल्यावर कोणी निवडत बसत नाही.

उंदराची चव. ही ग्लास हुंगून कळत नाही, घोट गिळल्यावर लाळेत मिसळली की उंदराच्या पिंजऱ्यासारखी उमटते. म्हणून वास घेऊन "मस्त!" म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. मी थेंबभर वाइन तळहातावर चोळून हुंगतो आणि घोटानंतर अर्धा मिनिट गप्प बसतो. चव लागली तर बाटल्या भरायचं पुढे ढकलतो. कधी महिन्यांनी ती ओसरते, कधी नाही. बाटली भरताना चिमूटभर गंधक घातलं तर मला पाप वाटत नाही. शुद्धतेचं सोवळं पाळून उंदीर पाजण्यापेक्षा ते बरं.

पूल्सार द्राक्षाची फिकट लाल वाइन उघडताच काडेपेटीसारखा वास मारते. घाबरू नका, सुरईत ओतून ठेवा.

आणि डिसेंबरात थंडीने आंबणं थांबलं की हीटर लावणारे, किंवा उरलेल्या साखरेसकट बाटल्या भरून मोकळे होणारे. बाटलीत साखर पुन्हा आंबते आणि उन्हाळ्यात बुचं छताला लागतात. एका पोराने मालकाला विचारलं, "आता काय करू?" म्हातारा म्हणाला, "दार लाव. मे महिन्यात ये."