१० मीटर एअर पिस्तूल: छर्‍यांची निवड आणि स्पर्धेआधीची तयारी

तयारी छर्‍यांपासून सुरू करा, आणि तीही स्पर्धेच्या तीन आठवडे आधी. मूठ, बूट, चष्मा यांची काळजी सगळेच घेतात. छर्रे मात्र दुकानात असतील ते उचलले जातात आणि मग हात बरोबर असूनही नऊ का लागला, याचं उत्तर सापडत नाही.

घ्यायचे ते ४.५ मिमीचे, चपट्या तोंडाचे मॅच छर्रे. टोकदार छर्रा कागद फाडतो. चपटा स्वच्छ गोल भोक पाडतो, त्यामुळे रेषेला शिवलाय की नाही यावर वाद राहत नाही. वजन ०.४५ ते ०.५३ ग्रॅमच्या दरम्यान बघा. चांगल्या डब्यावर तोंडाचं मापही छापलेलं असतं: ४.४९, ४.५०, ४.५१. एवढ्याशा फरकाने काय होतंय, असं म्हणू नका. तोंड मोठं असेल तर छर्रा आत बसवतानाच दबतो, लहान असेल तर हवा कडेने निसटते आणि दर शॉटला वेग बदलतो. एकाच कंपनीच्या दोन पिस्तुलांनाही वेगवेगळं माप मानवू शकतं, म्हणून मित्राचा डबा बघून आपला घेऊ नका.

दोन-तीन मापांचे डबे आणून आपल्याच पिस्तुलात तपासा. पिस्तूल शिकंज्यात घट्ट धरता आलं तर उत्तम, नाहीतर वाळूच्या पिशवीवर टेकवून मारा. डबा बदलला की पहिले पाच-सहा शॉट सोडून द्या. नळीत आधीच्या छर्‍यांचं शिसं असतं, ते निघून नव्याचा थर बसावा लागतो. मग पाच-पाच शॉटचे निदान चार ग्रुप, म्हणजे एकाच जागी नेम धरून पाडलेले भोकांचे पुंजके, घ्या. भोकांच्या बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत मोजा आणि त्यातून ४.५ मिमी वजा करा. बाहेरून ८ मिमी भरलं तर केंद्रांमधलं अंतर साडेतीन मिमी, पिस्तुलाला हे चांगलं. दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं आहे, त्यामुळे १२-१३ मिमीचा ग्रुपही चालून जाईल असं वाटतं. पण तेवढा पसारा छर्‍यांनीच खाल्ला तर हाताच्या थरथरीला जागा उरत नाही. शिवाय बरोबरी झाली की आतल्या दहांची संख्या बघतात, आणि ते वर्तुळ फक्त ५ मिमीचं आहे. एकच सुंदर ग्रुप बघून भुलू नका. चारही ग्रुप सारखे देणारा डबा निवडा. बॅच क्रमांक लिहून ठेवा आणि त्याच बॅचचे दोन-तीन डबे एकदम घ्या.

मग वेचणी. पांढर्‍या कागदावर छर्रे पसरा आणि एकेक उचलून मागचा घेर बघा. घेर चेपलेला, कडेला शिशाचा कण चिकटलेला, तोंडावर चरा, असा प्रत्येक छर्रा सरावाच्या डबीत टाका. पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या डब्यात छर्‍यांवर पांढरी भुकटी धरते; तो डबा स्पर्धेला नकोच. वजन करायचं असेल तर स्वयंपाकघरातला काटा उपयोगाचा नाही, सराफ बाजारात सोन्याला वापरतात तसा मिलिग्रॅम दाखवणारा हवा. मात्र चांगल्या बॅचमध्ये वजनापेक्षा घेराची तपासणीच जास्त फळते. गुण मोजले जातात ते ६०, सायटिंगचे (आधी नेम जुळवायचे) २०-२५, अंतिम फेरीचे २४ आणि थोडे वरकड धरून १५० वेचलेले छर्रे ट्रेमध्ये, तोंड खाली करून ठेवा. वेचणी झाली की साबणाने हात धुवा. शिशाच्या हातांनी चहा-बिस्किट नको.

छर्रा ढकलणारी दाबाखालची हवा पिस्तुलाच्या सिलिंडरमध्ये असते; त्यावर कोरलेली तारीख वाचा. दहा वर्षं उलटली असतील तर उपकरण तपासणीत अडवतील, आणि ते योग्यच आहे. भरताना हवेचा दाब २०० बारच्या वर जाऊ देऊ नका. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची सकाळ १० अंशांपर्यंत उतरते. आदल्या दुपारी ३० अंशांत २०० बार भरलेला सिलिंडर तेव्हा सुमारे १८७ दाखवतो. ही गळती नव्हे. उलट मे महिन्यात मुंबईला किंवा पुण्याला निघालात तर भरलेला सिलिंडर बंद गाडीत उन्हात ठेवू नका. ओ-रिंगला (हवा अडवणाऱ्या रबरी कडीला) सिलिकॉन ग्रीस किंचित लावा, शिलाई मशीनचं तेल कधीच नाही: दाबाखालच्या हवेत ते पेट घेऊ शकतं.

ट्रिगरची किमान मर्यादा ५०० ग्रॅम, म्हणजे एवढं वजन लटकवूनही तो सुटता कामा नये. बरोबर ५०० वर ठेवलं तर तपासणीत वजन उचलेलच याची खात्री नाही, म्हणून ५१५-५२० वर ठेवा आणि नळी उभी धरून वजन लटकवून बघा. मुठीला पुट्टी लावली असेल तर पिस्तूल ४२० × २०० × ५० मिमीच्या पेटीत बसतंय का, ते पुन्हा पाहा. एकूण वजन १५०० ग्रॅमच्या आत हवं.

आदल्या रात्री बॅगेत छर्‍यांचा ट्रे, दुसरा सिलिंडर, भरायचा अडॅप्टर, ॲलन की, नळीभर लांबीचा सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याचं दाखवणारी दोरी), घोटा उघडा राहील असे बूट, आधार कार्ड आणि प्रवेशाची पावती. नळी साफ करायची तर चार दिवस आधी, फेल्टने (नमद्याच्या गोळीने), आणि नंतर ३०-४० शॉट मारून ग्रुप परत जमल्याची खात्री करून घ्या. आदल्या दिवशी नळीला हात लावू नका.